प्रार्थनेतून नागरिकत्वाकडे : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

अस्पृश्यतानिवारणाचे काम धर्मकार्य म्हणून हाती घेणारे आणि ते नागरी हक्कांच्या प्रश्नापर्यंत नेणारे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या जीवनकार्याचा हा आढावा.

मुंबईच्या गिरणगावात, परळच्या ग्लोब मिलजवळ मुरारजी वालजी यांचा एक बंगला होता. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्या बंगल्यात एक शाळा सुरू झाली. उद्घाटनाला मुंबई प्रार्थना समाजाचे अध्यक्ष आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर उपस्थित होते. शहरात त्या काळी शाळांची वाण नव्हती; पण ही शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी होती आणि ती चालवण्याची जबाबदारी ऑक्सफर्डमध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास करून आलेल्या एका तेहतीस वर्षांच्या मराठा तरुणाने घेतली होती. त्याच दिवशी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, ही संस्था जन्माला आली.

या संस्थेच्या उद्दिष्टांत चार गोष्टी होत्या. शिक्षणाचा प्रसार करणे, कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि उदार धर्म, व्यक्तिगत चारित्र्य व चांगले नागरिकत्व यांची शिकवण देणे. धर्म आणि नागरिकत्व हे दोन शब्द एकाच ओळीत आणणारी संस्था १९०६ साली विरळाच होती. देशात परकीय राज्य होते, सर्वांना मतदानाचा हक्क मिळण्यास अजून जवळजवळ अर्धे शतक लोटायचे होते आणि ज्यांच्यासाठी ही शाळा निघाली होती, त्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याचीही मुभा नव्हती. अशा माणसांना नागरिक म्हणणे हेच मोठे धाडस होते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ते धाडस धर्माच्या आधारावर केले. पुढे त्या आधाराची मर्यादाही त्यांनाच पाहावी लागली.

जमखंडीचे संस्कार

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. आज हा भाग कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात मोडतो. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या. वडील रामजीबाबा पंढरीचे वारकरी. घरात भजन, नामस्मरण आणि साधुसंतांचा राबता. या भागवतधर्मी घरात जातिभेदाचा काच फारसा नव्हता. आई यमुनाबाई कष्टाळू आणि सोशिक होत्या. घरची स्थिती पुढे खालावत गेली आणि शिक्षणाची वाट अवघड झाली. तरीही १८९१ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले.

पुण्यातील शिक्षणासाठी त्यांना गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची मदत झाली. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांची परंपरागत श्रद्धा डळमळीत केली. धर्म नाकारावा की नव्याने शोधावा, अशा द्विधा मनःस्थितीत असताना त्यांना प्रार्थना समाजाचा मार्ग सापडला. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेला हा समाज एकेश्वरवाद मानत होता. मूर्ती, पुरोहित आणि जातिभेद यांना त्याच्या उपासनेत स्थान नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्याचे आधारस्तंभ होते. संतांच्या अभंगांना या उपासनेत मानाचे स्थान असल्याने वारकरी घरातील तरुणाला ही वाट परकी वाटली नाही. १८९८ मध्ये बी.ए. झाल्यावर शिंदे यांनी प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली. वकिलीच्या अभ्यासासाठी ते मुंबईत आले होते. तो अभ्यास अर्धवट सोडून त्यांनी धर्मप्रचाराचा मार्ग पत्करला.

त्या काळातील पदवीधर तरुणाच्या दृष्टीने हा निर्णय आतबट्ट्याचा होता. वकिलीत पैसा आणि प्रतिष्ठा होती. प्रचारकाच्या कामात दोन्हींची शाश्वती नव्हती. घरात आईवडील, पत्नी रुक्मिणीबाई आणि भावंडे यांची जबाबदारी होती. बालविवाहामुळे सासरी हाल सोसलेल्या बहिणीला, जनाबाईला, त्यांनी पुण्यात आणून शिकवले होते. पुढे हीच बहीण त्यांच्या कार्याचा कणा बनली.

ऑक्सफर्डचे दिवस

१९०१ मध्ये युनिटेरियन पंथीयांच्या शिष्यवृत्तीवर शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात गेले. प्रवासाच्या खर्चासाठी सयाजीराव महाराज पुन्हा मदतीला आले. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि पाली भाषा व बौद्ध धर्माचीही ओळख करून घेतली. १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्माविषयी निबंध सादर केला.

ग्रंथालयापेक्षाही त्यांच्या मनावर अधिक परिणाम झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. इंग्लंडमधील उदारमतवादी ख्रिस्ती मंडळी शहरांतील गरीब वस्त्यांत शाळा आणि सेवाकेंद्रे चालवीत असत. रविवारची उपासना आणि आठवड्याचे सहा दिवस चालणारी सेवा, असा धर्माचा दुहेरी व्यवहार त्यांनी तेथे पाहिला. गिरगावातील प्रार्थना मंदिरात उपासना शुद्ध होती, विचार उदात्त होते. परंतु समोर बसणारा श्रोतृवर्ग बहुतांशी सुशिक्षित आणि उच्चवर्णीय होता. जातिभेद मानत नाही असे म्हणणाऱ्या मंदिरात जातीमुळे सर्वाधिक पीडित झालेला माणूस मात्र दिसत नव्हता. शिंदे यांना ही उणीव जाणवली.

१९०३ मध्ये मायदेशी परतल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. समाजाच्या कामासाठी त्यांनी देशभर प्रवास केला आणि त्या प्रवासात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची स्थिती बारकाईने पाहिली. खानेसुमारीचे अहवाल चाळून त्यांनी या समाजांच्या संख्येचा अभ्यास केला. पुढे आयुष्यभर जोपासलेल्या संशोधनाचा पाया येथे घातला गेला.

१९०५ मध्ये ते अहमदनगरला गेले असताना जवळच्या भिंगार येथील अस्पृश्य बांधवांनी त्यांना आपल्या सभेला बोलावले. सभा रात्री उशिरा भरली. तेथे त्यांनी जे पाहिले आणि ऐकले त्यामुळे मनातील विचार निश्चयात बदलला. वर्षभरातच परळची शाळा उभी राहिली.

वस्तीत राहून काम

मिशनच्या कामासाठी पहिली मोठी देणगी शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी दिली. तरीही पैशापेक्षा माणसांची गरज मोठी होती. शिंदे यांनी ती स्वतःच्या घरापासून भागवली. जनाबाई शाळेत शिकवू लागल्या. आईवडीलही मिशनच्या संसारात सामील झाले. सय्यद अब्दुल कादर हे प्रार्थना समाजात आलेले मुस्लिम गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई यांनी मिशनच्या कामाला वाहून घेतले. वामनराव सोहोनी यांच्यासारखे शिक्षक मिळाले. एका वारकरी मराठा कुटुंबाने आणि एका मुस्लिम गृहस्थाने मिळून महार, मांग, चांभार आणि भंगी समाजांतील मुलांचा सांभाळ करावा, हे दृश्य त्या काळच्या मुंबईलाही नवे होते.

दिवसाची शाळा, रात्रीची शाळा, वसतिगृह, शिवणकाम आणि पुस्तकबांधणीचे वर्ग, दवाखाना असा मिशनचा व्याप वाढत गेला. त्याच्या जोडीला भजने, कीर्तने आणि साप्ताहिक उपासना होत्या. या उपासनेत कोणावरही धर्मांतराची सक्ती नव्हती. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्यपद्धतीतून शिंदे यांनी बरेच घेतले. पण सेवेच्या मोबदल्यात पंथाची भरती करायची नाही, ही मर्यादा त्यांनी कटाक्षाने पाळली. शाळेत येणाऱ्या मुलाने अक्षरे गिरवावीत, हाताला काम शिकावे, स्वच्छ राहावे, चारचौघांत ताठ मानेने बोलावे आणि ईश्वरासमोर आपण कोणाहून कमी नाही हे मनोमन जाणावे, एवढीच अपेक्षा होती. ईश्वराच्या दारी जो समान आहे तो पाणवठ्यावर, शाळेत आणि कचेरीत असमान कसा, हा प्रश्न त्या शिकवणीतून आपोआप उभा राहत होता.

त्यांच्या दृष्टीने अस्पृश्यांइतकीच स्पृश्यांनाही या शिक्षणाची गरज होती. सहभोजने, मिश्र सभा आणि परिषदा यांतून वरिष्ठ जातींच्या लोकांना अस्पृश्य बांधवांच्या शेजारी बसण्याची सवय लावणे हाही मिशनच्या कामाचा भाग होता. ऑक्टोबर १९१२ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरलेल्या मिशनच्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. भांडारकर यांनी भूषवले. संस्कृत विद्येत ज्यांचा अधिकार जगाने मानला, त्या विद्वानाने अशा परिषदेच्या अध्यक्षपदी बसणे याला पुण्यातील वातावरणात विशेष अर्थ होता.

कुर्ल्याच्या कचरापट्टीवर

मिशनच्या प्रेरणेचा प्रवाह मुंबई शहराच्या हद्दीबाहेरही पोहोचला. आजची उपनगरे त्या काळी गावे होती आणि शहर आपला कचरा तिकडे धाडीत असे. महापालिकेची कचरागाडी कुर्ल्याहून चेंबूरकडे जाई. या लोहमार्गाच्या देखरेखीसाठी अमृतलाल ठक्कर नावाचे एक गुजराती अभियंता नेमलेले होते. कचरा भरणारे आणि उपसणारे सफाई कामगार ज्या घाणीत राहत होते ती त्यांना रोज पाहावी लागे. विठ्ठल रामजी शिंदे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहवासात आल्यावर ठक्कर यांनी या कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाकडे आणि राहणीमानाकडे लक्ष दिले. १९१४ मध्ये त्यांनी महापालिकेची नोकरी सोडली आणि भारत सेवक समाजात प्रवेश केला. पुढे हरिजन सेवक संघाचे सरचिटणीस म्हणून देशाला परिचित झालेले ठक्करबाप्पा ते हेच.

शहराची स्वच्छता ज्यांच्या श्रमावर चालते, त्यांनाच शहर आपले मानत नाही, ही विसंगती कुर्ला आणि चेंबूरच्या त्या माळावर उघडी पडली होती. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी ठक्करांना ज्या थोड्या माणसांकडून मिळाली, त्यांत शिंदे हे प्रमुख होते.

प्रार्थना समाजाशी दुरावा, राष्ट्रसभेत प्रवेश

अस्पृश्यतानिवारणाचे काम वाढत गेले तसा प्रार्थना समाजाशी शिंदे यांचा दुरावा वाढला. १९१० मध्ये ते प्रचारकपदावरून दूर झाले. उदार धर्म त्यांनी सोडला नाही. संस्थेचे वेतन आणि आधार मात्र सुटला. त्यानंतर पुणे हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. पुण्याची शाखा १९०८ मध्येच सुरू झाली होती आणि कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हेरॉल्ड मॅन यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले होते. हुबळी आणि मंगळूर येथेही शाखा निघाल्या. पुण्यात भोकरवाडीच्या जागेवर, इंदूरच्या होळकर संस्थानाच्या देणगीतून, मिशनची स्वतःची वास्तू उभी राहिली. अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ तिला अहल्याश्रम असे नाव देण्यात आले.

शाळा काढून अस्पृश्यता जाणार नाही, त्यासाठी राजकीय सत्तेच्या व्यासपीठावर हा प्रश्न मांडावा लागेल, हे शिंदे यांनी लवकर ओळखले. काँग्रेस स्थापनेपासून सामाजिक प्रश्नांना आपल्या व्यासपीठापासून दूर ठेवीत आली होती. शिंदे यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर १९१७ मध्ये, अ‍ॅनी बेझंट अध्यक्ष असताना, कलकत्ता अधिवेशनाने अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचे आवाहन करणारा ठराव संमत केला. राष्ट्रसभेच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होता.

पाठोपाठ मार्च १९१८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. सयाजीराव गायकवाड अध्यक्षस्थानी होते. लोकमान्य टिळकांनी या व्यासपीठावरून अस्पृश्यतेचा निषेध करणारे भाषण केले. मात्र वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रकावर त्यांनी स्वाक्षरी केली नाही. व्यासपीठावरील विचार आणि घरातील आचार यांतील अंतर त्या एका प्रसंगात साऱ्या महाराष्ट्राला दिसले. शिंदे यांचे सारे आयुष्य हे अंतर कमी करण्यात गेले.

ज्यांच्यासाठी काम, त्यांचाच विरोध

१९१९ च्या राजकीय सुधारणांनी एक नवा प्रश्न उभा केला. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी असावेत हे मान्य होत होते. ते निवडायचे कोणी, हा वादाचा मुद्दा होता. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातील निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत, अशी सूचना मिशनच्या वतीने पुढे आली. परदेशातून शिक्षण घेऊन आलेले तरुण डॉ. भीमराव आंबेडकर यांनी या सूचनेवर कडाडून टीका केली. आमचा प्रतिनिधी आम्हीच निवडू, दुसऱ्यांनी आमच्या वतीने बोलावे हे आम्हाला मान्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२० मध्ये नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत मिशनच्या या धोरणाचा निषेध करणारा ठराव झाला.

शिंदे यांच्या आयुष्यातील ही सर्वांत कसोटीची वेळ होती. चौदा वर्षे ज्यांच्यासाठी झिजलो, त्यांच्याच व्यासपीठावरून अविश्वास व्यक्त व्हावा, हे दुःख लहान नव्हते. स्वजातीतून आणि वरिष्ठ वर्गांतून होणारा विरोध त्यांनी गृहीत धरलेला होता; हा आघात मात्र अनपेक्षित होता. तटस्थपणे पाहता दोन्ही बाजूंमागे तत्त्व होते. शिंदे यांना समाजाचे जातवार तुकडे पडण्याची धास्ती वाटत होती आणि सर्व जातींनी मिळून एक राष्ट्र घडावे ही त्यांची धर्मभावना होती. आंबेडकरांना त्या ऐक्याची किंमत पुन्हा अस्पृश्यांनीच का मोजावी, असा प्रश्न पडला होता. नागरिकत्व दुसऱ्याच्या सद्भावनेवर अवलंबून राहिले, तर ते नागरिकत्व उरत नाही, हा त्या टीकेचा गाभा होता. काळाने या मुद्द्यावर आंबेडकरांच्या बाजूने कौल दिला.

स्वतःपुरते जातीच्या राजकारणापासून दूर राहण्याचे पथ्य शिंदे यांनीही पाळले. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा उपलब्ध असताना ती नाकारून ते पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले. बहुजन पक्षाचा जाहीरनामा त्यांनी प्रसिद्ध केला. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी पुणे नगरपालिका सक्तीचे प्राथमिक शिक्षण केवळ मुलांपुरते ठेवू पाहत होती, तेव्हा मुलींनाही ते मिळाले पाहिजे यासाठी रमाबाई रानडे यांच्यासह झालेल्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्यांच्या लेखी स्त्री आणि अस्पृश्य हे दोघेही नागरिकत्वाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले गेलेले होते आणि दोघांसाठीही दार एकच होते.

किल्ल्या सोपवल्या

१९२३ मध्ये शिंदे यांनी मिशनचे कार्यकारीपद सोडले. संस्थेचा कारभार अस्पृश्य समाजांतील कार्यकर्त्यांच्या हाती जावा, हे आता त्यांना पटले होते. अहल्याश्रमासारखी कष्टाने उभारलेली वास्तू त्यांनी ज्यांची होती त्यांच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी त्यांनी त्यातून काहीही राखून ठेवले नाही. संस्था स्थापन करणारे पुष्कळ असतात. योग्य वेळी संस्थेतून उठून जाणारे थोडे. टीकेचा राग न धरता तिच्यातील तथ्य आचरणात आणण्याचा हा मार्ग होता.

त्यानंतर ते मंगळूरला ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून काही काळ राहिले. १९२७ मध्ये ब्रह्मदेशाचा प्रवास करून तेथील बहिष्कृत वर्गांची माहिती त्यांनी गोळा केली. जातिव्यवस्था ही केवळ एका धर्माची किंवा एका देशाची निर्मिती नाही. पराभव, दास्य आणि धार्मिक संघर्ष यांतून बहिष्कृत वर्ग कसे तयार होतात, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. या संशोधनाचे फळ म्हणजे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ. अस्पृश्यतेच्या उगमाचा समाजशास्त्रीय अंगाने मराठीत केलेला हा अग्रगण्य अभ्यास आहे.

शेतकऱ्यांच्या प्रश्नांकडेही ते वळले. लहान शेतकऱ्यांच्या जमिनींसंबंधी सरकारने आणलेल्या विधेयकाविरुद्ध १९२८ मध्ये झालेल्या आंदोलनात त्यांनी पुढाकार घेतला. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास पत्करला. घरी परतल्यावर खालावलेली प्रकृती आणि आर्थिक ओढाताण यांच्याशी सामना करीत त्यांनी लेखन चालू ठेवले. घराघरांतून कौटुंबिक उपासना व्हावी, धर्म हा मंदिराच्या भिंतींत न राहता कुटुंबाच्या व्यवहारात यावा, यासाठी त्यांची धडपड अखेरपर्यंत चालली. माझ्या आठवणी व अनुभव हे त्यांचे आत्मचरित्र १९४० पासून वाचकांसमोर आले. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

उपेक्षेचे धनी

अखेरच्या काळात शिंदे एकाकी होते. मराठा समाजातील अनेकांच्या दृष्टीने अस्पृश्यांत मिसळणारा हा माणूस जातीबाहेरचाच होता. ब्राह्मणेतर चळवळीला ते पुरेसे ब्राह्मणविरोधी वाटले नाहीत आणि राष्ट्रीय पक्षाला ते ब्राह्मणेतर वाटले. दलित चळवळीने आपले स्वतंत्र नेतृत्व घडवले. प्रार्थना समाजाचा प्रभाव तर ओसरतच गेला होता. सर्वांना एकत्र आणू पाहणाऱ्या माणसाला कोणत्याही एका गटाने आपले मानले नाही. त्यामुळे त्यांच्या नावाचा जयघोष करणारी मंडळी उभी राहिली नाहीत. पुढे अभ्यासकांनी या उपेक्षेची भरपाई करण्याचा प्रयत्न केला. डॉ. गो. मा. पवार यांनी लिहिलेल्या त्यांच्या विस्तृत चरित्राला २००७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि एका विस्मृत पर्वाकडे नव्या पिढीचे लक्ष गेले.

शिंदे यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९५० मध्ये, भारतीय राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मताचा समान हक्क मिळाला. १९०६ साली परळच्या शाळेने ज्या नागरिकत्वाचे धडे द्यायला सुरुवात केली होती, ते कायद्याच्या पुस्तकात आले. ते आणण्याचे श्रेय आंबेडकरांच्या आणि दलित समाजाच्या स्वतःच्या लढ्याला आहे. पण कायदा अमलात येण्यापूर्वी समाजाचे मन नांगरण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत शिंदे यांचे स्थान वरचे आहे.

धर्म माणसे जोडतो की तोडतो, हा प्रश्न आजच्या मुंबईतही जुना झालेला नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक धर्माची देवळे, मशिदी, चर्च, गुरुद्वारा, विहार आणि देरासरे गजबजलेली असतात. त्यांच्या आसऱ्याने शाळा, दवाखाने, अन्नछत्रे चालतात. त्याच उपनगरांत भाड्याचे घर शोधणाऱ्याला अनेकदा आधी आडनाव, धर्म आणि आहार विचारला जातो. गटारात उतरणारा आणि कचरा उचलणारा कामगार कोणत्या समाजाचा, याचे उत्तर बहुतांशी आजही बदललेले नाही. धर्मसंस्थेचे दानपात्र भरलेले असणे आणि शेजारच्या माणसाला शेजारी म्हणून स्वीकारणे, यांतील अंतर शिंदे यांनी शतकापूर्वी गिरगावच्या मंदिरात पाहिले होते. ते पाहून त्यांनी परळची वाट धरली.

शिंदे यांच्या चरित्रातून दोन गोष्टी हाती लागतात. धर्माची परीक्षा देवळाच्या आत होत नाही. ज्याला बाहेर ठेवले आहे त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर ती होते. आणि बाहेरच्या माणसाला आत घेणे एवढ्याने काम संपत नाही. घराच्या किल्ल्याही त्याच्या हाती द्याव्या लागतात. पहिली गोष्ट शिंदे यांनी स्वतःच्या श्रद्धेतून शोधली. दुसरी त्यांना टीकाकारांनी शिकवली आणि ती शिकण्याइतके मन त्यांच्याजवळ मोठे होते.